ऑनलाइन मिळणारी कवड्यांची पाकिटं: काय ठेवावं, काय परत पाठवावं

"किनाऱ्यावर वाहून आलेल्या, नैसर्गिक चकाकीच्या कवड्या" असं पाकिटावर छापलेलं असेल, तर त्यातली एक गोष्ट बहुधा खोटी असते. कवडी किनाऱ्यावर लोळत पडलेली तरी असते, नाहीतर चकचकीत तरी असते. दोन्ही गुण एकाच कवडीत क्वचित सापडतात, पण शंभर नगांच्या पाकिटात सगळ्याच्या सगळ्या तशा निघाव्यात हे पटण्यासारखं नाही. परीक्षण इथूनच सुरू करतो, कारण पाकिटातल्या पुढच्या अर्ध्या तक्रारींचं मूळ याच दाव्यात असतं.

इथे बोलतोय ते सुट्या, लहान, पिवळट-पांढऱ्या कवड्यांबद्दल. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने १७५८ मध्ये हिला सायप्रिया मोनेटा असं नाव दिलं, आता ती मोनेटारिया मोनेटा म्हणून ओळखली जाते. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यापासून प्रशांत महासागरातल्या बेटांपर्यंत, उथळ पाण्यात, दगडांखाली आणि प्रवाळाच्या तुकड्यांमध्ये ती राहते आणि शेवाळ खाते. विक्रीला ती तीन रूपांत येते: अख्खी, भोक पाडलेली आणि पाठ घासून सपाट केलेली. तिन्हींना मिळून एकच गुण देण्यात अर्थ नाही. अख्ख्या, पॉलिश न केलेल्या कवड्यांना आम्ही पाचपैकी साडेचार देऊ, पाठ घासलेल्यांना तीन, आधीच भोक पाडून आलेल्यांना दोन. "सुपर शाइन" लिहिलेल्या पाकिटांना शून्य दिलं असतं, पण एकच्या खाली जायची सोय नसते.

आता चकाकीबद्दल. कवडीतला प्राणी म्हणजे एक समुद्री गोगलगाय. तिच्या अंगाचा पातळ मांसल पदर, ज्याला प्रावरण म्हणतात, फटीतून दोन्ही बाजूंनी बाहेर येतो आणि कवडीची पाठ झाकून टाकतो. पाठीवर मुलाम्याचे थर चढवण्याचं आणि ते राखण्याचं काम हाच पदर करतो. इतर पुष्कळ शंखांवर असतं तसं खरखरीत साल पूर्ण वाढलेल्या कवडीवर नसतं ते यामुळेच. प्राणी मेला की राखणदार गेला. वाळू घासते, ऊन लागतं, छिद्रं पाडणारे स्पंज आत शिरतात. आधी लकाकी जाते, मग पाठीवरचा पिवळा रंग झिजतो आणि खालचा निळसर-जांभळा थर उघडा पडतो. त्याही पुढे गेलेली कवडी पांढुरकी होते, बोटाला भुकटी लागते.

म्हणजे वरून काही न करता एकसारख्या चकचकीत असलेल्या कवड्यांचं पाकीट हे जवळजवळ नेहमी जिवंत धरलेल्या प्राण्यांचं असतं. ते घ्यावं की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. मात्र जीव न मारता मिळालेली कवडीच हवी असेल, तर मळकट, जांभळट पाठीच्या, कुठे कुठे टोचलेल्या कवड्या मागवा आणि त्यांचं तसंच असणं मान्य करा. आमच्या मते त्या दिसायलाही जास्त बऱ्या. दोन कवड्यांचा रंग कधी एक नसतो, जांभळा कुठे गडद, कुठे विरलेला. दुसरा रस्ता म्हणजे जुन्या माळा, जुने दागिने उसवून निघालेल्या कवड्या. त्या हाताळून गुळगुळीत झालेल्या असतात, ती लकाकी मुलाम्याची नसते, पण अस्सल असते.

तिसरी शक्यता वाईट आणि दुर्दैवाने पुष्कळदा दिसणारी: झिजलेल्या कवड्या पातळ ॲसिडमध्ये बुडवून चमकवलेल्या. कवडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, ॲरागोनाइट या रूपातलं. ॲसिडमध्ये वरचा खराब थर विरघळतो आणि खालचा ताजा पृष्ठभाग ओला असल्यासारखा चमकतो. ओळखायची जागा पाठीवर नाही, पोटाकडे आहे. कवडी उलटी करा आणि फटीच्या दोन्ही काठांवरचे दात भिंगातून बघा. न बुडवलेल्या कवडीचे दात जाड, स्पष्ट आणि कडेला टोकदार असतात, दोन दातांमधली खाच खोल असते. ॲसिडमधून निघालेल्या कवडीचे दात वितळल्यासारखे गोल दिसतात, खाचा भरून आल्यासारख्या वाटतात आणि पाठीवर तिरका उजेड टाकला तर बारीक लाटा किंवा सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात. अशी कवडी घामाने, ओल्या हाताने लवकर निस्तेज होते. पाकीट परत पाठवायला हे एक कारण पुरेसं आहे.

तेल किंवा लाख लावून आणलेली चमक ओळखणं सोपं. पांढऱ्या टिश्यूवर कवडी दाबून घासा, तेलाचा डाग उमटतो. लाखेचा थर फटीच्या कोपऱ्यात जमून पिवळट थेंब झालेला असतो, नखाने उचकटतो. रंगवलेल्या कवडीवर रबिंग अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा फिरवला की रंग बोळ्यावर येतो. काळ्या कवड्यांबाबत विशेष जपा. प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटाच्या समुद्रात खरोखरच काळपट झालेल्या, टोकं चोचीसारखी लांब वाढलेल्या कवड्या मिळतात आणि संग्राहक त्यांच्यामागे असतात. त्या भांडवलावर साधी कवडी काळी करून "दुर्मीळ" म्हणून खपवली जाते. खऱ्या काळ्या कवडीत रंग मुलाम्याच्या आत असतो आणि एकसारखा नसतो. रंगवलेलीत तो दातांमधल्या खाचांत साचलेला असतो.

प्रजातींची सरमिसळ हा पाकिटातला दुसरा मोठा दोष. मोनेटाच्या नावाखाली तिचीच चुलत बहीण, मोनेटारिया ॲन्युलस, सर्रास भरलेली असते. हिच्या पाठीवर केशरी-पिवळं कडं असतं, म्हणून ती ओळखायला सोपी असं सगळे सांगतात. हा सल्ला अर्धवट आहे. मोनेटाच्या पाठीवरही पुष्कळदा एक बारीक पिवळी रेघ फिरलेली असते. त्यामुळे रंगावर जाऊ नका, बाहेरची रेषा बघा. ॲन्युलस अंडाकृती असते, कडा गुळगुळीत. मोनेटा बसकी आणि रुंद, कडांना जाड थर चढलेला, आणि मागच्या बाजूला दोन्हीकडे गाठी, त्यामुळे वरून पाहिलं तर षटकोनी भासते. बोट फिरवलं तर गाठी लागतात, डोळ्यांपेक्षा बोट जास्त खात्रीचं. पाठीवर बरेचदा दोन-तीन करडे आडवे पट्टेही असतात, पण ते फिकट असू शकतात. गडद तपकिरी पाठीवर पांढरे ठिपके असलेली कवडी दिसली तर ती मोनेटारिया कॅपुटसर्पेंटिस, तीही यांचीच चुलत बहीण. दागिन्यासाठी ही भेसळ चालून जाते. एकाच प्रजातीचा संग्रह किंवा शाळेसाठी नमुने हवे असतील, तर पाकिटावर शास्त्रीय नाव आहे का आणि फोटो पाठ-पोट दोन्हींचे आहेत का, हे आधी पाहा. नुसता पाठीचा फोटो देणारा विक्रेता बहुतेक वेळा दात लपवत असतो.

अर्धवट वाढीच्या कवड्याही निघतात. लहान वयात कवडी अगदी वेगळी दिसते: पातळ, लांबट, फट रुंद आणि ओठ धारदार, दात नाहीत. वाढ पूर्ण होताना ओठ आत वळतो, दात येतात, कडांना जाड थर चढतो. तिथून पुढे ती लांबीला वाढत नाही, फक्त जाड होते. "मोठी म्हणजे जुनी, म्हणून जास्त मोलाची" हे विक्रेत्यांचं म्हणणं त्यामुळे टिकत नाही. दहा-बारा मिलिमीटरची कवडीही पूर्ण वयाची असू शकते आणि तिच्या शेजारची तीस मिलिमीटरची तिच्याच वयाची. पातळ ओठाच्या कवड्या मात्र बाजूला काढा, भोक पाडताना पहिल्या फुटतात त्या याच.

आकार आणि वजन यांत ग्राहक सगळ्यात जास्त फसतो. १५ मिलिमीटरची कवडी साधारण एक ग्रॅमची, २० मिलिमीटरची साधारण दोन ग्रॅमची किंवा थोडी जास्त. लांबी तिसऱ्या हिश्शाने वाढली की वजन दुपटीच्या वर जातं, कारण जाडी आणि रुंदीही सोबत वाढते. म्हणून १०० ग्रॅमच्या पाकिटात लहान माल असेल तर शंभराच्या आसपास नग येतात, मोठा असेल तर पंचेचाळीस-पन्नास. पाकिटावर नुसतं वजन लिहिलेलं असेल तर मिलिमीटर विचारा, नुसती संख्या असेल तरीही मिलिमीटर विचारा. "१० ते २५ मिमी मिश्र" हे शब्द दिसले की समजावं, छाननीचा खर्च वाचवून तो आपल्या गळ्यात घातला आहे. चांगला विक्रेता पाच मिलिमीटरच्या टप्प्यांत माल वेगळा करतो. माळेसाठी त्याहून काटेकोर लागतं: व्हर्निअरने मोजून दोन मिलिमीटरच्या आत सगळ्या बसल्या पाहिजेत, नाहीतर माळ एका बाजूला ओढते.

आकारावर भाव ठरणं, ही गोष्ट आजची नाही. चलन म्हणून कवडी वजनावर नव्हे, मोजून दिली-घेतली जायची, आणि जहाजाचं भाडं मात्र वजनावर. जितकी लहान कवडी तितकी तिची वाहतूक स्वस्त. मालदीवची मोनेटा बारीक, म्हणून तिला मागणी. तिथून ती बंगालात जायची, तिथे चार कवड्यांचा गंडा, वीस गंड्यांचा 'पण' आणि सोळा पणांचा काहण, म्हणजे १२८० कवड्या, असा हिशेब होता. पुढे डच आणि इंग्रज कंपन्यांनी याच कवड्या युरोपमार्गे पश्चिम आफ्रिकेत नेल्या, गुलामांच्या व्यापारात त्या मोजून दिल्या गेल्या. एकोणिसाव्या शतकात हँबुर्गच्या व्यापाऱ्यांनी पूर्व आफ्रिकेतल्या झांझिबारच्या बाजूची ॲन्युलस, मोठी आणि मुबलक, पश्चिम आफ्रिकेत इतक्या प्रमाणात ओतली की कवडीचं मोल पार ढासळलं. आज पाकिटात मोनेटाच्या नावावर ॲन्युलस येते तेव्हा जुनाच व्यापार नव्या पाकिटात चालू आहे, एवढंच.

नकली कवड्या अजून फार नाहीत, पण रेझिनच्या ओतीव कवड्या स्वस्त दागिन्यांत शिरल्या आहेत. ओळख: दहा नग शेजारी ठेवा, एकाच साच्यातले असतील तर गाठी आणि दात हुबेहूब तेच निघतात. कडेने साच्याची बारीक रेघ जाते. गालाला लावली तर खरी कवडी गार लागते, रेझिन नाही. घरच्या घरी आणखी एक खात्री करता येते. १०० मिली पाण्यात ३५ ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा आणि त्यात कवडी सोडा, आधी साध्या पाण्यात हलवून आतली हवा काढून घ्या. खरी कवडी तळाला जाते, साधं रेझिन वर येतं किंवा मध्ये तरंगतं. भुकटी मिसळून जड केलेलं रेझिनही बुडतं, म्हणून ही चाचणी एकतर्फीच धरा: तरंगली तर नकली, बुडली तर अजून तपासायची. व्हिनेगरचा थेंब टाकून बुडबुडे बघायचा सल्ला सगळीकडे दिलेला असतो. चाचणी बरोबर आहे, पण थेंबाखालची लकाकी कायमची जाते. करायचीच तर फुटक्या नगाच्या तुटलेल्या कडेवर करा. फुटकी कवडी फेकून द्यायची घाई नको ती एवढ्यासाठीच.

वासाबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण कमी गुण देणाऱ्यांची पहिली तक्रार हीच असते. कवडीची फट अरुंद, आतला भाग गुंडाळलेला, आणि प्राण्याचं टोकाकडचं मांस सगळ्यात आतल्या वळणात अडकतं. ते नीट कुजून धुतलं गेलं नाही तर पाकीट उघडताच कळतं. दमट हवेत तर महिनाभरानेही वास उठतो. मालदीवात १३४३-४४ च्या सुमारास राहिलेल्या मोरोक्कोच्या प्रवाशाने, इब्न बतूताने, लिहून ठेवलंय की तिथे कवड्या खड्ड्यांत ठेवून मांस सडू देत. त्याहून चांगली रीत अजून सापडलेली नाही, फक्त तिला वेळ लागतो, आणि आजचा विक्रेता नेमका तोच वाचवतो.

वास येणारं पाकीट हाती पडलं तर आधी कवड्या प्लास्टिकच्या टबात साध्या पाण्यात पूर्ण बुडवा. पाणी रोज बदला. प्रत्येक वेळी कवडी फट खाली करून जोरात झटका, मांसाचे तुकडे किंवा काळपट पाणी बाहेर येईल. पाणी स्वच्छ निघू लागेपर्यंत हे चालू ठेवायचं, सहसा आठवडा लागतो. मग तीन टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड घेऊन कवड्या त्यात रात्रभर ठेवा. फेस आला की समजा आत अजून काही आहे. फेस थांबला की काढा, धुवा आणि फट खाली करून सावलीत चार-पाच दिवस वाळवा. उन्हात नको, रंग फिका होतो.

ब्लीच वापरायचं तर एका भागाला दहा भाग पाणी घालून, अर्ध्या तासापेक्षा जास्त नाही. ब्लीच कवडीचा चुनखडी भाग विरघळवत नाही, पण मुलाम्यातला सेंद्रिय अंश खातं, आणि रात्रभर विसरलं तर लकाकी मंद होऊन बसते. ब्लीचमध्ये किंवा ब्लीचनंतर लगेच कोणतंही ॲसिड, व्हिनेगर, टॉयलेट क्लीनर घालू नका, क्लोरीन वायू सुटतो आणि तो फुप्फुसांना घातक असतो. उकळणं हा सगळ्यात जास्त सांगितला जाणारा आणि सगळ्यात वाईट उपाय. गरम-गार झालं की मुलाम्यात केसासारख्या तड्या जातात. त्या लगेच दिसत नाहीत, वाळल्यावर तिरक्या उजेडात जाळं दिसतं, आणि ते परत जात नाही. लिंबू आणि चिंच यांनी भांडी चकचकीत होतात, कवडी मात्र खाल्ली जाते.

आता भोकं. तयार भोकाच्या पाकिटांना दोनच गुण का दिले? कारण बहुतेक ठिकाणी एकाच जाड ड्रिलने, कोरडं, एका झटक्यात भोक पाडलेलं असतं. वरून भोक गोल दिसतं, आत मात्र टवका उडालेला असतो आणि त्याची कडा काचेच्या तुकड्याइतकी धारदार असते. माळ घातल्यावर दोरा आतून कापला जातो, बाहेरून काही दिसत नाही आणि एके दिवशी माळ तुटते. दोष दोऱ्याला दिला जातो. तपासायला पातळ सुती दोरा भोकातून घालून फटीतून बाहेर काढा आणि पाच-सहा वेळा पुढे-मागे ओढा. दोऱ्याचे तंतू सुटले की भोक नापास. ते वाचवता येतं: टोकदार डायमंड बिट हाताने फिरवून किंवा ४०० नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे ओला करून वापरायचा घासकागद, बारीक गुंडाळून आतली धार घासून काढा, पाण्याखाली.

त्यापेक्षा अख्ख्या कवड्या घेऊन भोक स्वतः पाडलेलं बरं. कवडीचा कठीणपणा मोहस मापावर (खनिजांचा कठीणपणा सांगणारी एक ते दहाची पट्टी) साडेतीन ते चारच्या दरम्यान, म्हणजे साधा स्टीलचा बिटही आत जातो, पण लवकर बोथट होतो आणि बोथट बिटाने दाब वाढतो, दाबाने टवका उडतो. १.२ मिलिमीटरचा डायमंड बिट घ्या, ०.८ च्या मेणदोऱ्याला तेवढं पुरतं. जागा पाठीवर, टोकाजवळ, पण अगदी कडेला नाही. कडेला थर जाड आहे, तिथे बिट तापतो. पाठीचा मधला घुमट पातळ आहे, तिथे माळ उलटी पडते. टोकापासून चार-पाच मिलिमीटर आत ही जागा योग्य. मास्किंग टेपचा छोटा तुकडा लावून त्यावर खूण करा, टेपमुळे बिट घसरत नाही. कवडी चिकणमातीच्या किंवा पोटीनच्या गोळ्यात पोट खाली करून दाबून बसवा, बोटांत धरू नका. उथळ ताटलीत एवढंच पाणी ठेवा की भोकाची जागा जेमतेम ओली राहील. सुरुवात बिट थोडा तिरका धरून करा, खाच पडली की सरळ करा. ड्रिल कमी वेगावर. आणि महत्त्वाचं शेवटच्या क्षणाला आहे: आवाज बदलतो, थोडा पोकळ होतो, तिथे दाब जवळजवळ काढून घ्यायचा आणि बिटाला स्वतःहून पार होऊ द्यायचं. आतला टवका इथेच उडतो किंवा इथेच वाचतो. हातातल्या ड्रिलच्या वायरवर पाणी येणार नाही हे बघा, बॅटरीवरचं छोटं यंत्र जास्त सुरक्षित. कोरडं ड्रिल किंवा घासकाम करू नका, धूळ फार बारीक असते आणि छातीत जाते. ओलं काम करतानाही मास्क हवाच.

पाठ घासलेल्या कवड्या कापडावर शिवायला उत्तम. फट पुढे, मोठं खिडकीएवढं छिद्र मागे, सुई सहज जाते आणि कवडी सपाट बसते. पाठ काढून कवडी ओवण्याची ही रीत जुनी आहे, यंत्र तेवढं नवीन. यात बघायचं ते दोनच. कवडी काचेवर ठेवा, डुगडुगली तर घासणी तिरकी झाली आहे आणि ती कापडावर कायम एका कडेवर उभी राहील. मग कडेची जाडी बघा. दोन मिलिमीटरपेक्षा कमी असेल, विशेषतः दोन्ही टोकांना, तर शिवताना दोरा ताणला की टोक तुटतं. धार राहिली असेल तर ४०० नंबरच्या ओल्या पेपरवर गोल फिरवून कडा मारून घ्या, एका कवडीला अर्धा मिनिट लागतं. तीन गुण दिले ते याच कामामुळे. पाकिटावर "शिवायला तयार" लिहिलेलं असतं, पण तशा त्या क्वचितच असतात.

चिकटवायच्या असतील तर सायनोॲक्रिलेट, म्हणजे झटपट गोंद, टाळा. त्याची वाफ बसून कवडीच्या लकाकीवर पांढरा धुरकट पडदा येतो, विशेषतः बंद डबीत. दोन भागांचा एपॉक्सी वापरा, आणि आधी चिकटण्याची जागा २२० नंबरच्या घासकागदाने खरवडून घ्या. मुलाम्यावर कोणताच गोंद धड धरत नाही.

फासे म्हणून टाकण्यासाठी घेत असाल तर अख्ख्याच घ्या. पाठ घासलेली कवडी दोन सपाट बाजूंची झाल्यामुळे वेगळीच पडते. अख्खी कवडीही पाठ-पोटावर सारख्या वेळा पडेल असं नाही, ते प्रत्येकीच्या गाठींवर आणि जाडीवर ठरतं. संच करताना एका मापाच्या वीस-पंचवीस घेऊन प्रत्येक कवडी शंभरदा टाका, नोंद ठेवा, आणि ज्यांचे आकडे जवळ येतात तेवढ्याच एका संचात घाला. कंटाळवाणं आहे, पण वाद वाचतात.

साठवणीबद्दल एक गोष्ट पाकिटावर कोणी लिहीत नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यात, लाकडी, विशेषतः ओकच्या खणात, दमट हवेत कवड्या ठेवल्या तर काही महिन्यांनी त्यांच्यावर पांढरी भुकटी किंवा बारीक स्फटिक दिसतात आणि चव घेतली तर आंबूस लागते, अर्थात घेऊ नये. याला बाइनचा रोग म्हणतात, लॉफ्टस सेंट जॉर्ज बाइनने १८९९ मध्ये याबद्दल लिहिलं. रोग म्हणायचं ते सवयीने, प्रत्यक्षात बुरशी किंवा जंतू नाहीत. लाकूड आणि पुठ्ठ्यातून निघणाऱ्या ॲसेटिक ॲसिडसारख्या वाफा ओलाव्यासोबत कवडीच्या चुनखडीला लागतात आणि तिचे क्षार होतात. लाख मारून उपयोग नाही, वाफा तड्यांतून आत जातातच. बाधित कवड्या साध्या पाण्यात दोन दिवस ठेवा, पाणी बदलत राहा, पूर्ण वाळवा आणि काचेच्या किंवा पॉलिप्रोपिलीन प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा. गेलेली लकाकी येत नाही, पण पुढचं थांबतं. विक्रेत्याने कवड्या पुठ्ठ्याच्या खोक्यात पाठवल्या असतील तर त्या त्याच दिवशी बाहेर काढा.

परत पाठवायचं पाकीट कवड्या भिजवण्याआधी, भोक पाडण्याआधी ठरवायचं असतं. उघडल्यावर पांढऱ्या कागदावर सगळ्या पोट वर करून पसरा, दात दिसतील असा एक फोटो, मग उलट्या करून पाठीचा एक, शेजारी मोजपट्टी ठेवून. नग मोजा. गोल झालेले दात, पातळ ओठ, वेगळी प्रजाती आणि फुटक्या असे चार ढीग करा आणि प्रत्येकाचा आकडा तक्रारीत लिहा. नुसतं "माल खराब" लिहिलं तर उत्तर येत नाही. शंभरात सत्तावीस कवड्यांचे दात झिजलेले, असं फोटोसकट लिहिलं तर येतं.